फ्लिक हरवल्यानंतरचे आठ आठवडे

माझी लेक जिम्नॅस्टिक्स करते. मागच्या नोंदीत मोठ्या आनंदाने लिहिलं होतं की तिची बीमवरची, म्हणजे त्या उंच, अरुंद पट्टीवरची फ्लिक (मागे झेप घेऊन हात टेकून पुन्हा पायांवर येणं) बसली. त्यानंतर काही लिहिलं नाही, कारण फ्लिक हरवली. दुखापत नाही, पडलीही नव्हती. एका मंगळवारी बीमवर उभी राहिली, हात वर घेतले, गुडघे वाकवले आणि थांबली. पुन्हा हात वर, पुन्हा थांबली. अकरा वेळा मोजलं मी. चॉक (पाय घसरू नयेत म्हणून लावायची पांढरी पूड) लावलेले पाय एकाच जागी घासून घासून बीमवर पांढरा डाग पडला होता.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. "काल तर येत होती की" हे वाक्य तिला सगळ्यांनी ऐकवलं, मीही. काल येत होती हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रडू त्याचंच येत होतं.

तिच्या प्रशिक्षक सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ती हट्ट करत नाहीये. तिला जायचंय, अंग नाही म्हणतंय." घरी आल्यावर दारावरच्या पेन्सिलच्या खुणा बघितल्या. जूनपासून साडेतीन सेंटीमीटर वाढली होती. बीम 10 सेंटीमीटर रुंद, जमिनीपासून 125 सेंटीमीटर उंच. फ्लिकमध्ये मागे झेप घेताना सुरुवातीला तो दिसतच नाही, हात अंदाजाने टेकायचे. हातपाय लांबले की अनेक मुलांचा हा अंदाज चुकायला लागतो. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलं अचानक अडली, तर आधी उंची मोजा असं मी आता सगळ्या पालकांना सांगते.

तिसऱ्या आठवड्यात सगळं खाली आणलं. आधी जमिनीवर पट्टी चिकटवून, मग बुटका बीम, मग मोठ्या बीमच्या दोन्ही बाजूंना त्याच्या उंचीपर्यंत मॅट्स रचून. एक मॅट कधी काढायची ते तिने ठरवायचं. तीनदा हात वर करून गेली नाही, तर तिथं ताटकळत राहायचं नाही, बार्सकडे, म्हणजे लोंबकळून करायच्या दांड्यांकडे जायचं. सरांचं म्हणणं, थांबण्याचाही सराव होतो.

खाली यायला ती तयार नव्हती. "लहान मुलींच्या बीमवर?" म्हणून डोळे भरले. तेव्हा तिला अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची गोष्ट नीट सांगितली. टोकियो ऑलिंपिकला, 2021 च्या जुलैमध्ये, व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीत, अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, हवेत दिशेचं भान सुटलं, दीडच झाल्या आणि तिने सांघिक अंतिम फेरी सोडली. आठवड्याने बीमवर परतली ती शेवटच्या उडीतली गिरकी काढून टाकून, आणि कांस्य जिंकली. लेकीने एवढंच विचारलं, "म्हणजे तिने सोपं केलं?" दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बुटक्या बीमवर गेली.

तिच्या वहीतली पद्धत मला फार आवडली. पोटात गोळा येतो ना, तो केवढा हे ती प्रत्येक प्रयत्नाआधी लिहिते. लिंबू, मोसंबी, कलिंगड. कलिंगड असेल त्या दिवशी सर जमिनीवरच करून घेतात.

आता माझं. हॉलमधून निघून ती स्कूटरवर मागे बसली की माझा पहिला प्रश्न असायचा, "आज गेली का?" पाचव्या आठवड्यात एकदा सिग्नलला ती मागून म्हणाली, "आई, तू विचारतेस ना, तेव्हा मला उद्याचीसुद्धा भीती वाटते." मला घशाशी आलं. इतके दिवस धीर देतेय असं समजत होते आणि रोज तिच्याकडून हिशेब मागत होते. त्या दिवसापासून तो प्रश्न बंद. हॉलमध्ये बसणंही बंद, मी बाहेर कट्ट्यावर थांबते. काही सांगायचं असेल तर ती घरी, जेवताना आपणहून सांगते.

सरांनी तिला एक शब्द दिला होता. न सांगता आधाराचा हात काढणार नाही. मुलाच्या नकळत हात काढून घ्यायचा आणि मग "बघ, एकटीने केलंस" म्हणायचं, हे मी खूपदा पाहिलंय. या वयात मला ते मुळीच पटत नाही. एकदा विश्वास गेला की मूल सरांच्या हातालाही घाबरतं. सातव्या आठवड्यात तिनेच सांगितलं, "सर, आज हात नको." गेली! उतरताना डगमगली, पण बीमवरच राहिली.

लगेच शुक्रवारी पुन्हा अडली. सध्या दहापैकी चार जातात. पुढच्या स्पर्धेच्या रूटीनमधून फ्लिक काढून बॅक वॉकओव्हर (झेप न घेता मागे वाकून, हात टेकून एकेक पाय वरून आणणं) ठेवलाय. निर्णय तिचा आणि सरांचा, मला नंतर कळला.

बीमच्या दोन्ही बाजूंना एकेक मॅट अजून आहे. ती कधी काढणार, ते तिने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. कालच्या पानावर लिहिलंय: "मोसंबी. गेले. मोसंबी. गेले. लिंबू. नाही गेले, उद्या."