चपला राखणारी

दीपनगरच्या चिमण्या मागे पडल्या आणि उजव्या टाचेनं पहिली कुरकुर केली. भुसावळहून निघून जेमतेम दोन-अडीच तास झाले होते. बूट स्वीडनमध्ये घेतलेले, महागाचे. हे घालून नॉर्वेचे डोंगर चढता येतात, असं दुकानातल्या मुलीनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. येत असतील बापडे. वरणगावच्या रस्त्यावर फेब्रुवारीचं ऊन चढल्यावर त्यांच्या आत काय होतं, हे तिला कोण सांगणार?

दिंडीत आम्ही चाळीसेक जण. पुढे पताका, मग वीणेकरी, टाळकरी, पखवाज, डोक्यावर तुळस घेतलेल्या दोघी, आणि सगळ्यात मागे अंथरुणं-पातेली भरलेला टेम्पो. माघातली चांगदेव-मुक्ताईची यात्रा. आषाढीला मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून पंढरपूरला जाते, ती महिनाभराची मोठी वाट. माघात मात्र उलट, खानदेश-विदर्भातून दिंड्या मुक्ताईकडे येतात, एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत. आमची वारी त्यातली अगदी लहान. दोन दिवस, जवळपास तीस किलोमीटर. पंढरीला जाऊन आलेल्यांनी हसावं एवढीच.

आणि त्यात मी. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, अलायन्स चर्चच्या मराठी मंडळीतली, बारा वर्षं झाली स्वीडनमध्ये यॉन्शपिंगला राहणारी, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालणारी.

कारण सांगायचं तर बाबा. बाबा रेल्वेत फिटर. दर माघात दिंड्या जायच्या त्या दिवशी सकाळी ते क्वार्टरबाहेर स्टुलावर माठ ठेवायचे, शेजारी पितळी पेला. उन्हाळ्याआधी माठ काढायचा तो दिंडीसाठीच. वारकरी पाणी प्यायचे, "रामकृष्णहरी" म्हणायचे, बाबा "सलाम" म्हणायचे. कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मात्र रस्त्याच्या पलीकडे बाबा कधी गेले नाहीत. 2021 साली ते गेले तेव्हा विमानं मिळत नव्हती. दफनविधी मी मोबाइलवर पाहिला. मधेच रेंज गेली आणि परत आली तेव्हा लोक हात झटकत परतत होते. यायला मला 2023 उजाडलं. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आता भजनी मंडळात आहे. ती सहज म्हणाली, "चालती का? दोन दिवसाची तं गोठ आहे." मी हो म्हणून बसले.

हे कळल्यावर मंडळीतल्या एका बाईंचा फोन आला. दुसरे देव करू नकोस, या बायबलमधल्या पहिल्या आज्ञेचं काय, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आज्ञा मलाही पाठ आहे, आणि मला ती मोडायची नव्हती. पण बाबांनी पाण्याचा पेला पुढे करताना कुठली आज्ञा मोडली होती, हे काही मला सुचेना. म्हणून मी फक्त एवढंच म्हणाले, की चालून येते.

दुपारी एका बागेच्या बांधावर टेकलो. दोन्ही बाजूंना केळी, वाऱ्यानं फाटलेली पानं फडफडताहेत, ठिबकच्या काळ्या नळ्या ओलसर. शेतमालकानं घडच आणून ठेवला. मी बूट काढले आणि मोजे बघून मैत्रीण "अगं बाई" म्हणाली. दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड, पाण्यानं टम्म.

दिंडीत सगळे जिला जिजी म्हणत ती सत्तरीची बाई उठून माझ्यासमोर येऊन बसली. पाय मांडीवर घेतला, मला न विचारताच. "हे काय घातलं व माय? पाय हायेत का इंजीन?" मग कनवटीचा बटवा सोडला. त्यातून सुई आली, पांढरा दोरा, हळदीची पुडी. सुई काडेपेटीच्या जाळावर धरली. फोडाच्या एका कडेनं घातली, दुसऱ्या कडेनं काढली, इतकी हलकी की मला कळलंही नाही. आणि दोरा आतच ठेवला. दोन्हीकडे बोटभर शेपटं सोडून कापला. दोऱ्यावरून पाणी निथळत राहतं, कातडी निघत नाही, आणि रात्रीपर्यंत फोड बसतो. वर हळद दाबली. मी रोज म्हाताऱ्या माणसांच्या टाचांना मलम लावते. हातमोजे घालून, आधी परवानगी विचारून, नंतर संगणकावर नोंद करून. माझा पाय असा कुणी मांडीवर घेतला त्याला किती वर्षं झाली, ते आठवेना. (जिजीची पद्धत मी आमच्या वृद्धाश्रमात सांगितली तर माझी नोकरी जाईल. जंतुसंसर्गाचं त्यांचं म्हणणं खोटं नाही.)

बूट टेम्पोत गेले. मैत्रिणीच्या रबरी चपलांवर मी पुढे चालले.

वाटेत बायका विचारत होत्या. तुमच्या तठी थंडी किती? भाकरी मिळते का? आणि मग हळूच, "तुमचा देव तिकडचाच ना? मंग तुम्हाले तं बरं पडत असंल." हसू आलं. कारण तिकडे मला बरोबर उलटं विचारतात. कामावरची एक मुलगी विचारायची, तू ख्रिस्ती कधी झालीस? मी सांगायचे, आजीपासून. नंदुरबारची माझी आजी स्वीडिश मिशनच्या शाळेत शिकली. तुमच्याच गावाकडून आले होते ते लोक. ती मुलगी चकित व्हायची. स्वतः ती चर्चमध्ये फक्त आजोबांच्या अंत्यविधीला गेलेली.

यॉन्शपिंगला "स्मोलंडचं यरुशलेम" म्हणत, इतकी तिथे प्रार्थनागृहं. खानदेशात काम करणारं स्वीडिश अलायन्स मिशन याच गावचं. आज रविवारी बाकांवर पांढरी डोकी, आणि मधूनमधून आम्ही. कोणी इराणी, कोणी इरिट्रियाचे, मी एक भुसावळची. उपासना संपली की कॉफी होते, कॉफीवर लोक खरोखर मायेनं बोलतात. पण दारातून बाहेर पडलं की संपलं. डिसेंबरात साडेतीनला अंधार होतो, जो तो आपल्या दाराआड. बारा वर्षांत शेजारणीनं कधी वाटीभर साखर मागितली नाही. तिच्याकडे नेहमी असतेच.

वृद्धाश्रमातल्या एक चौऱ्याण्णव वर्षांच्या आजी मात्र माझ्या बाजूनं आहेत. मी कुठली, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भारत त्यांना ओळखीचा वाटला नाही. खानदेश म्हटलं आणि त्या उठून बसल्या. "कानदेश!" लहानपणी संडे स्कूलमध्ये त्या पेटीत नाणी टाकायच्या, कानदेशातल्या मुलींच्या शाळेसाठी. त्यातलं एखादं नाणं माझ्या आजीच्या पाटीला गेलं असेल, असं मी त्यांना म्हटलं. मग हिशेब बरोबर झाला, म्हणाल्या, आता तू माझे केस विंचर.

रात्री वरणगावात एका शाळेच्या आवारात मुक्काम. संध्याकाळी हरिपाठ उभा राहिला. हरिपाठ मला अनोळखी नव्हता, क्वार्टरमागच्या देवळातून तो रोज ऐकू यायचा. आणि आमच्या मंडळीत तरी दुसरं काय होतं? पेटी, तबला, टाळ, ख्रिस्ती कीर्तन. नारायण वामन टिळकांनी लिहिलेली अभंगाच्या चालीची गीतं आम्ही दर रविवारी म्हणत असू. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यामुळे पाय आपोआप पडायला लागले. अडलं ते तोंडाशी. जे नाव माझं नाही ते नुसतं गोड वाटतंय म्हणून घ्यावं, हे मला त्या नावाचाच अपमान वाटतो. मी ओठ मिटून उभी. जिजीनं टाळांचा जोड माझ्या हातात कोंबला. "तोंड नसंल चालवायचं तं हात चालव. थंडी वाजंल नाहीतं."

तास-दीड तास मी टाळ वाजवले. दुसऱ्या दिवशी पायांपेक्षा मनगटं जास्त दुखत होती.

स्वीडनमधल्या वाडस्टेनालाही मी एकदा चालत गेले होते, व्हेटर्न सरोवराच्या काठाकाठानं, तिथल्या पदयात्रेचे शेवटचे दोन दिवस. तिथे संत बिर्गिताचं मोठं चर्च आहे. तो माणसांचा जथा आणि हा, काय सांगू. तिथे पाळकबाईंनी थांबवून सांगितलं, पुढचे दोन किलोमीटर आपण मौन पाळू या. स्वीडनमध्ये हे सांगावं लागतं याचंच मला नवल वाटलं. आधीचे दहा किलोमीटर आम्ही वेगळं काय केलं होतं? पण खोटं कशाला बोलू, त्या शांततेत मी प्रार्थना करू शकले होते. इथल्या गजरात मला एक वाक्य धड जुळवता येत नव्हतं.

बिर्गिताचा जन्म 1303 चा. परंपरेनं मुक्ताई 1297 मध्ये तापीच्या काठी विजेच्या लोळात लुप्त झाली. सहा वर्षांचं अंतर. एकीनं राजांना आणि पोपना खरमरीत सुनावलं, तर दुसरीनं चौदाशे वर्षांच्या योग्याला. चांगदेवानं कोरा कागद धाडला, तेव्हा एवढं जगून हा कोराच राहिला, असं म्हणणारी ती पोर. पुढे तोच तिचा शिष्य झाला. आणि भाऊ रागावून दार लावून बसला तेव्हा बाहेर उभी राहून ताटी उघड म्हणत राहिली तीही तीच. रात्री कीर्तनात बुवांनी हाच प्रसंग लावला. मला प्रकटीकरणाच्या पुस्तकातला, दाराशी उभा राहून ठोठावणारा प्रभू आठवला. दोन्ही दारं बाहेरून उघडत नाहीत. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण शेजारी मैत्रीण घोरत होती.

सकाळी धुकं विरलं तसा उत्तरेला सातपुडा दिसायला लागला, निळसर, कागद कापून चिकटवल्यासारखा. बाबा सकाळी 121 वं स्तोत्र वाचायचे, डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असं विचारणारं. स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं, सणाला यरुशलेमला चढून जाणाऱ्यांची. म्हणजे वाटेवर म्हणायचीच गाणी. आम्ही ती आयुष्यभर बाकावर बसून म्हटली. हरताळ्याच्या आसपास मी पहिल्यांदा ती चालत म्हटली, मनातल्या मनात, पखवाजाच्या ठेक्यावर. धुमाळीच्या तालात बसतात, सांगून ठेवते.

फराळाला भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, साबुदाणा, वर केळी. एकादशी अन् दुप्पट खाशी. मी हसले तर जिजी म्हणाली, हसती काय, तुमच्यात नाही का उपास? म्हटलं, असतो की. त्या वर्षी महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला होती आणि राखेचा बुधवार 22 तारखेला. चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायचाच होता. स्वीडनमध्ये त्याच्या आदल्या मंगळवारी सेमला खातात, वेलदोड्याचा पाव, आत बदामाचा गर, वर साय फेटून. दुसऱ्या दिवसापासून उपास म्हणून आदल्या दिवशी पोटभर. आता उपास कोणी करत नाही, पाव मात्र जानेवारीपासूनच दुकानात येतो. जिजीला हे फार पटलं. "म्हंजे तिकडं नुस्तं दुप्पट खाशी."

कोथळीला जुन्या मंदिराजवळ पोहोचलो तेव्हा रांग कुठे सुरू होते तेच दिसेना. एदलाबादचं नाव बदलून मुक्ताईनगर झालं ते मुक्ताईमुळे. तिथलं नवं मंदिर वेगळं, पण दिंड्यांचा जीव या जुन्या जागेत. माझ्या पोटात गोळा आला. आत जायचं, आणि मग? हात जोडायचे नाहीत आणि नुसतं बघून यायचं, प्रदर्शन बघितल्यासारखं? ते तर त्याहून वाईट.

"मी चपला राखते," मी म्हणाले.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. तिनं आपल्या चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या, आणि मग सगळेच ठेवू लागले. मी गोणपाट पसरून बसले. आधी ढीग झाला, मग मी जोड लावायला घेतले. रबरी, कोल्हापुरी, टाचेला तार बांधलेली एक, लग्नातली वाटावी अशी सोनेरी पट्ट्याची एक, लहान पोराचे दिवे लागणारे बूट, दाबलं की लाल. पखवाजवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, जिजीच्या बटव्यातला दोरा माझ्याकडेच राहिला होता, तो ओवून बांधला. धूळ झटकली. एकेका चपलेत त्या त्या माणसाच्या पायाचा ठसा बसलेला. दोन दिवसांत मला माणसं नावानं कमी आणि टाचांनी जास्त ओळखू येत होती. देवाच्या घराचा द्वारपाळ होणं बरं, असं 84 वं स्तोत्र म्हणतं. त्यात चपलांचा उल्लेख नाही, पण द्वारपाळ दुसरं काय राखत असेल?

बसल्या बसल्या मग मी बाबांसाठी प्रार्थना केली. मृतांसाठी प्रार्थना आमच्या मंडळीत करत नाहीत. म्हणून ती खरं तर बाबांबद्दलची होती, बाबांसाठीची नव्हती. माठाबद्दल देवाचे आभार मानले. मोबाइलची रेंज गेली त्याबद्दल थोडं भांडले. रडू आलं, तेव्हा शेजारच्या दिंडीच्या चपला राखणाऱ्या आजोबांनी न बोलता बाटली पुढे केली.

तीन तासांनी सगळे बाहेर आले.

रविवारी भुसावळच्या चर्चमध्ये मी लंगडत गेले. उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी दारात गाठलं. बाबांचे मित्र, कडक माणूस.

"चालून आलीस म्हणे."

"हो, काका."

"आत गेली होतीस?"

"नाही. बाहेर चपला राखत होते."

ते बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. टाचेतला दोरा अजून तसाच होता.

"किती जोड होते?"

"एक्केचाळीस."

"सगळे भरले?"

"भरले."

"बरं," काका म्हणाले, आणि सायकलीचं कुलूप काढायला वाकले. मग वाकूनच विचारलं, "तो माठ आहे का गं अजून घरात, का दिला कुणाला?"