काकूंच्या खोलीतली बाई

डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन, त्यांना कसं सांभाळायचं हे मी घरच्यांना शिकवते. ठाण्यातल्या त्या घरी गेले तर मुलानं आधी हेच विचारलं, "मॅडम, आईला बाहेरचं काही झालं असेल का?"

नव्या फ्लॅटमध्ये काकूंच्या पलंगासमोर वॉर्डरोब होता, सरकत्या दारांना पूर्ण उंचीचे आरसे. इथे आल्यापासून काकूंची झोप उडाली होती. "ही बाई टक लावून बघत बसते. हिला जेवायला वाढा आणि घरी पाठवा," असं रात्रभर चालायचं. पलंगासमोर आरसा म्हणजे वास्तुदोष, असं शेजाऱ्यांनी सांगितलेलं. दृष्ट काढून झाली, दाराला लिंबू-मिरची लागली. अमावास्येला कुणा बाबाकडे न्यायचं घाटत होतं. त्याचीच मला धास्ती वाटली. अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसाचे फार हाल होतात.

मी काकूंना खेटून पलंगावर बसले. आरशात मुलाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोण?"

"माझा मुलगा."

"आणि ही?"

"तूच की गं!"

मग त्यांच्याच प्रतिबिंबाकडे बोट नेलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तीच ती. माझी साडी नेसून बसलीय."

डिमेन्शियात काहींना असं होतं. बाकी सगळ्यांची प्रतिबिंबं ओळखू येतात, फक्त स्वतःचं परकं वाटतं. हे वाचलेलं असूनही माझ्या अंगावर काटा आला. मुलगा उठून गॅलरीत गेला.

मंद उजेडात तर धडधाकट माणसालाही आरसा फसवतो. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाचे जिओव्हानी कापुटो यांनी ५० जणांना अंधूक खोलीत १० मिनिटं आरशात बघायला लावलं होतं. २०१० साली छापलेल्या त्या प्रयोगात ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा पार बदललेला दिसला, काहींना चक्क अनोळखी माणूस. रात्री आरशात बघू नकोस असं सांगणाऱ्या आज्यांनीही असलंच काही पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं. काकूंच्या खोलीतही रात्री झिरोचा बल्बच असायचा.

"म्हणजे समोर आरसा नको, हे खरंच ना?" मुलानं परत येऊन विचारलं.

"काकूंसाठी खरं. घरात बाधा नाही, त्या आजारी आहेत. पण आरसा आजच झाकायचा."

सूनबाईंनी जुना जाड पडदा काढला, आम्ही तो वॉर्डरोबवर लावला. बेसिनचा आरसाही झाकला. अंधार पडला की खिडकीची काचसुद्धा आरसाच होते, म्हणून दिवा लावायच्या आधी पडदे ओढायचे. 'अहो, ती तुम्हीच आहात' असा वाद घालायचा नाही. पटत तर नाहीच, भीती मात्र वाढते. बाबाकडे जाणं रद्द झालं, न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली.

निघताना सूनबाईंनी लिफ्टमधल्या आरशाचं विचारलं. तो झाकता येणार नव्हता. तिथे काकूंना दाराकडे तोंड करून उभं करायचं आणि खाली पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायचं, असं ठरलं.