चमचाभर तारा

न्यूट्रॉन ताऱ्याचा विषय निघाला की पाठोपाठ चमचा येतोच. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून आलेल्या भाच्यानंही गांधीसागरजवळच्या टपरीवर चमचा उचलून मला तेच ऐकवलं, "मामा, एवढ्याचं वजन २०० कोटी टन!" टपरीवाल्यानं विचारलं, "मंग भाऊ, साखर कमी टाकू काय?"

आकडा बरोबर आहे. वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट आणि व्यास जेमतेम २०-२२ किलोमीटर. आपल्या विमानतळापासून कामठीपर्यंत सरळ रेघ मारली की तारा संपला. माझी तक्रार आहे ती चमच्याबद्दल. चमचा म्हटलं की वाटतं, माल डब्यात भरलेला आहे. काढला, तराजूत टाकला. तसा तो निघायचाच नाही. मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळताना इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात, त्यांचे न्यूट्रॉन होतात आणि अणूतली ऐसपैस मोकळी जागा संपते. पण दोन न्यूट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचा १९२५चा नियम. त्यातून फारच जवळ आले, तर अणुकेंद्रातलं बलही त्यांना दूर लोटतं. वर अख्ख्या ताऱ्याचा भार आहे, म्हणून सगळे मुकाट्यानं दाटीवाटीत राहतात. चमचाभर बाहेर काढला की दाब गेला. माल त्याच क्षणी स्फोट होऊन उधळणार. सुटे न्यूट्रॉन तर दहाएक मिनिटांत निम्मे विघटित होतात. मग वजन करायचं कशाचं? ही घनता त्या मालाच्या अंगची नाहीच, डोक्यावरच्या ओझ्याची आहे.

त्यापेक्षा मला या ताऱ्याच्या कवचाचा तळ आवडतो. तिथे अणुकेंद्रांचे गोळे एकमेकांना जोडले जाऊन आधी लांब शेवया होतात, मग पापुद्रे. शास्त्रज्ञ १९८३पासून याची गणितं मांडताहेत आणि या थराला चक्क 'पास्ता' म्हणतात. विश्वातला सर्वांत कणखर पदार्थ बहुधा हाच, असं २०१८मधल्या संगणकीय गणितातून निघालं.

पृष्ठभागावर मात्र सगळं सपाट. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दहा हजार कोटी पटींहून जास्त, त्यामुळे तिथल्या डोंगराची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची की मिलिमीटरमध्ये, एवढाच काय तो वाद. रोज सकाळी सेमिनरी हिल्स चढून ऐट मिरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी: तिथली एक सेंटिमीटरची चढण म्हणजे इथल्या ओढीनं दहा लाख किलोमीटर चढायची मेहनत.