सिजिलमासा ते वलाता : हाती काढलेल्या नकाशाची प्रगती

मोरोक्कोतील सिजिलमासापासून आजच्या मॉरिटानियातील वलातापर्यंतचा काफिल्यांचा मार्ग सहारातील मिठाच्या खाणींच्या तघाझा गावापर्यंत शाईने पक्का झाला आहे. चौदाव्या शतकातला मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता १३५२ च्या फेब्रुवारीत याच वाटेने निघाला होता. त्याने अंतरे दिवसांत सांगितली असल्यामुळे मीही प्रमाण तेच धरले असून, एक सेंटिमीटर म्हणजे एक मजल असा हिशेब ठेवला आहे. किलोमीटरच्या पट्टीपेक्षा ही पट्टी मला अधिक खरी वाटते, कारण वाळवंटात माणसाला आणि उंटाला मोजावे लागते ते पुढच्या पाण्यापर्यंतचे दिवस.

सिजिलमासाचा कोपरा मनाजोगता उतरला. ७५७ साली वसलेल्या या नगराला झीझ नदीने आणि खजुराच्या बनांनी जगवले, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या सोन्याने श्रीमंत केले. अकराव्या शतकातील भूगोलकार अल-बक्रीने तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा असल्याचे लिहिले आहे, म्हणून पायाला राखाडी आणि वर कच्च्या सिएनाचा (पिवळसर तपकिरी रंगाचा) पातळ हात दिला.

तेथून पंचवीस मजलांवर तघाझा. येथे झाड नाही. घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. भिंतींसाठी कागद कोराच सोडला आणि छपरांना तपकिरी रंग दिला. जमिनीखालून लाद्या काढण्याचे काम मसूफा या बर्बर जमातीचे गुलाम करीत आणि एका उंटावर दोन लाद्या चढत. हे मीठ उंटाच्या ओझ्यामागे वलातात आठ ते दहा मिस्काल (सोन्याचे वजनी माप), तर मालीच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस मिस्कालांना विकले जाई. हे आकडे समासात लिहिल्यावर एवढी जीवघेणी वाट माणसे का तुडवीत, हे नकाशा पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

तघाझाच्या दक्षिणेचा, दहा दिवस पाणी क्वचितच मिळणारा टप्पा सध्या पेन्सिलीत आहे. त्यापुढे तासरहला येथे काफिले तीन दिवस थांबून पखाली दुरुस्त करीत, आणि तेथूनच मसूफा वाटाड्या एकटा पुढे वलाताला पत्रे घेऊन जाई, म्हणजे तेथील लोक चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन सामोरे येत. तो वाटेत दगावला, तर काफिल्यातील बहुतेकांचा मृत्यू ठरलेलाच. म्हणून काफिल्याची वाट सलग रेघेने, वाटाड्याची ठिपक्यांनी आणि वलाताहून येणाऱ्या पाण्याची निळ्या तुटक रेघेने दाखवणार आहे. या तीन रेघा एकमेकींवर न चढता कशा बसवाव्यात, याचे आरेखन ट्रेसिंग पेपरवर चालू आहे.