आप्पांची आठशे आणि चिकोडीच्या दोन फेऱ्या

२०२४ चा ऑगस्ट. गणपतीचा मांडव घालायला आमच्या निपाणीच्या गल्लीत रस्ता मोकळा करायचं चाललं होतं, त्या आठवड्यात आप्पांच्या मारुती आठशेच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. कानडीत. निपाणीत मराठी बोलून सगळं भागतं, पण सरकारी कागद आला की घरातल्या आठवीच्या पोरीला हाक मारावी लागते. तिनं वाचून सांगितलं, गाडी बरेच दिवस रस्त्यात उभी आहे, हलवा आणि कागदपत्रं दाखवा, नाहीतर उचलून नेऊ.

आप्पा म्हणाले, "आरं, ती उभीच हाय की! चालवत न्हाई तर कागद कशाला? गाडी काय धान्य खाती व्हय?"

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी हवालदार आले, त्यांनी फोनवर केए-२३ चा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. नोंदणी १४ जुलै २०२३ ला संपलेली. विमा त्याच्याही आधी. एमिशनचा तर पत्ताच नाही. (कोल्हापूरकडं पीयूसी म्हणतात, चिकोडीकडं एमिशन. आम्ही मध्ये, दोन्ही म्हणतो.) माणूस भला होता. म्हणाला, "मास्तर, मी दंड नाही लावत. पण रस्ता तुमचा नाही ना?"

मी मास्तर असल्यामुळं घरी येऊन कायदा उघडला. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ म्हणतं, नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवू नये. चालवू नये! म्हणजे आप्पांचा मुद्दा अगदीच वेडा नव्हता. पण पुढं कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस किंवा माणसाविना सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. दहा तास! त्या हिशेबानं आमची अर्धी गल्ली रोज रात्री गुन्हेगार ठरते. उचलत नाहीत, ही त्यांची मेहरबानी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. कारची नूतनीकरण फी तेव्हा, २०२४ मध्ये, ५,००० रुपये होती. मार्च २०२२ पर्यंत हीच फी ६०० होती. पण खरा चटका उशिराचा: प्रत्येक महिन्याला, किंवा महिन्याच्या तुकड्यालाही, ५००. गाडी चाकभरही हललेली नसली तरी हा मीटर चालूच. ५,००० चं मला काही वाटलं नाही, या ५०० चं फार वाटलं. मी गणपतीतच, १२ सप्टेंबरला, पैसे भरले, कारण १४ तारीख ओलांडली असती तर पंधरावा महिना लागला असता. तरी १४ महिन्यांचे ७,००० गेलेच. एकूण १२,०००, वर हरित कर आणि नोंदणीच्या कार्डाचे (आरसीचे) वेगळे.

भंगारवाल्यानं १८,००० सांगितले होते. बायकोचं मत स्पष्ट होतं, देऊन टाका. त्यातही एक गोम आहे. नुसती गाडी देऊन चालत नाही, आरटीओत आरसी रद्द करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीचा सांगाडा कुठंही सापडला तरी मालक म्हणून नाव आप्पांचंच. आणि आप्पा? दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. विषय तिथंच संपला.

अर्ज बसस्टँडजवळच्या झेरॉक्स सेंटरवाल्या पोरानं भरून दिला. नमुना २५. तिथं पहिला खड्डा. ओटीपी जायचा तो नंबर आप्पांच्या बंद पडलेल्या सिमचा. नवा नंबर लावायला आधार जुळवायचं, तर आरसीवर कर्नाटकी पद्धतीनं दोन इनिशियल आणि आडनाव, आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी पद्धतीचं पूर्ण नाव. एकच माणूस, पण कॉम्प्युटरला दोन वाटतात. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर, इंजिन नंबर असं सगळं टाकून नंबर बदलला गेला त्यात चार दिवस गेले. एका एजंटानं चार हजारांत सगळं करून देतो म्हटलं होतं. चौथ्या दिवशी मला ते स्वस्त वाटू लागलं होतं.

विमा फक्त थर्ड पार्टी घेतला. हजार सीसीच्या आतल्या कारला २,०९४ आणि जीएसटी, म्हणजे २,४७१ रुपये. बॅटरी नवी बसवली, कारण इंजिन सुरू झाल्याशिवाय एमिशन होत नाही. एमिशनवाल्यानं दोनदा रेस द्यायला लावली. गल्लीत धूर झाला, आप्पांच्या चेहऱ्यावर मात्र आरती चालू असल्यासारखा भाव.

आता तपासणीसाठी गाडी चिकोडीच्या आरटीओत न्यायची कशी? मेकॅनिक म्हणाला, चालवत न्या, पावती दाखवा. पण पावती म्हणजे नोंदणी नव्हे, आणि वाटेत कुणी अडवलं तर दोन ते पाच हजारांचा दंड. टोचन लावूया म्हटलं तर हवालदारच म्हणाले, क्रेन बघा. २,८०० रुपये. क्रेनवर पाठमोरी चढलेली आठशे आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले आप्पा, अशी आमची वरात १९ सप्टेंबरला, विसर्जनाच्या दोन दिवसांनी, निघाली.

इन्स्पेक्टरांनी लाइट, हॉर्न, टायर पाहिले. मग बॉनेट उघडून चेसिस नंबर शोधला. नंबर नाही! गंज धरू नये म्हणून आप्पांनी कधीतरी आतून ॲल्युमिनियम पेंटचा हात मारला होता, तो नेमका नंबरावर. इन्स्पेक्टरांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांचं चुकलं नाही, चोरीच्या गाडीचे नंबर असेच झाकलेले असतात. "नाळे बर्री," ते म्हणाले. उद्या या.

गाडी चिकोडीतल्या मावसभावाच्या अंगणात ठेवली. संध्याकाळभर थिनर आणि चिंधी घेऊन मी आणि तो वाकलो होतो. घासायचं नाही, खरवडायचं नाही, आकडा बिघडला तर कायमचा घोळ. आप्पा खुर्चीवर बसून, "हळू रं, हळू." शेवटचा आकडा आठ आहे की तीन, यावर अर्धा तास. आठ निघाला.

शुक्रवारी कागद ठेवून पेन्सिल फिरवली, ठसा स्वच्छ उठला, आरसीशी जुळला. दहा मिनिटांत काम झालं. एचएसआरपी, म्हणजे सरकारनं सक्तीची केलेली उच्च सुरक्षेची नंबर प्लेट, आधीच बसवून घेतली होती, तिची मुदत सरकार वाढवतच होतं, पण मला तिसरी फेरी नको होती.

नवी आरसी घरी आली. गाडी आता शेजाऱ्यांच्या बोळात असते, रविवारी आप्पा दहा मिनिटं सुरू करतात. जुन्या गाडीचं एमिशन सहा महिन्यांचंच. भिंतीवरच्या कॅलेंडरला पुढचा मार्च नव्हता, म्हणून त्यांनी कपाटाच्या दाराआत पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: मार्च, एमिशन.