‘नॅचरल फ्लेवर’ आणि माझे 19 दिवस

कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, घटकांच्या यादीत सोळाव्या नंबरवर दोन शब्द होते: ‘नॅचरल फ्लेवर’. या दोन शब्दांनी माझे 19 दिवस खाल्ले. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकते.

आमच्या कुत्र्याचं, गुंड्याचं, पोट पहिल्यापासून नाजूक. पहाटे चारला दारावर नखं खरवडल्याचा आवाज आला की समजायचं, चप्पल घालायलाही वेळ नाही. डॉक्टरांनी आधी शी तपासायला सांगितली. जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) दर वेळी शीमध्ये सापडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने दिले. जंत नाहीत, जिआर्डिया नाही, रक्त ठीक. इथवर सगळं सुरळीत झालं.

मग डॉक्टर म्हणाले, “खाण्याचाच संशय आहे. हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं खाद्य काही आठवडे देऊन बघू.” म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते बहुधा ओळखूच येत नाहीत. मी नाक मुरडलं. प्रयोगशाळेत तुकडे केलेलं अन्न माझ्या लेकराला? मी म्हटलं, “डॉक्टर, मी त्याला ऑर्गॅनिकच देणार.” ते हसले. “द्या की. पण एकाच प्राण्याचं मांस असलेलं घ्या, आणि ते त्याने आजवर कधी खाल्लेलं नको.” आमच्याकडे कोंबडी रोजची, मेंढी कधीच नाही. म्हणून मेंढीचं, ‘ऑर्गॅनिक’ आणि ‘नॅचरल’ दोन्ही शिक्के असलेलं एक पाकीट घेतलं. जुन्या खाद्यात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांनी पूर्ण त्यावर आणलं. (हे चुकवू नका. एकदम बदललंत तर चांगल्या पोटाचंही बिघडतं, आणि मग दोष नव्या खाद्याला जातो.)

तीन आठवडे झाले तरी पहाटेचे चार काही सुटेनात. पोटाचा त्रास खाण्यामुळे असेल तर साधारण दोनेक आठवड्यांत फरक दिसायला लागतो, खाज वगैरे असेल तर आठेक आठवडे थांबावं लागतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा मी भिंग घेऊन बसले आणि त्या सोळाव्या नंबरवर अडकले. फ्लेवर, पण कशाचा?

कंपनीला ईमेल केला. पहिलं उत्तर यंत्राचं: तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चार दिवसांनी माणसाचं आलं: “आमची सर्व उत्पादने नैसर्गिक घटकांपासून बनतात.” अहो, ते पाकिटावर लिहिलंय! मी परत विचारलं, कोणत्या प्राण्यापासून? तर म्हणे, “नैसर्गिक स्रोतापासून.” पुन्हा विचारलं तर पाककृती हे व्यावसायिक गुपित असल्याचं कळलं. फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने कुत्र्याचं वय विचारलं, वजन विचारलं, जात विचारली आणि फोन दुसऱ्याकडे दिला. त्याने वय विचारलं, वजन विचारलं, जात विचारली. “मॅडम, आमचं खाद्य ऑर्गॅनिक आहे, त्रास होणारच नाही.” त्रास होतोय म्हणूनच फोन केलाय, असं मी म्हटलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की गुंड्या उठून पलंगाखाली गेला.

या भानगडीत मी ते शब्द नीट समजून घेतले, तेवढा एक फायदा. ऑर्गॅनिक म्हणजे धान्य कसं पिकवलं, जनावर कसं वाढवलं, याचा हिशेब. अमेरिकेच्या नियमांत पाणी आणि मीठ सोडून किमान 95 टक्के घटक प्रमाणित सेंद्रिय असले तर तसं म्हणता येतं. आणि आफ्कोच्या (तिथल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेच्या) व्याख्येत ‘नॅचरल’ म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा खनिजांतून आलेलं, कृत्रिम रसायनांनी न बनवलेलं; जीवनसत्त्वं आणि खनिजं वरून घातली तर त्यांना सूट. यात पचनाचा शब्दही नाही. सेंद्रिय कोंबडी ही कोंबडीच. ज्या कुत्र्याला कोंबडी सोसत नाही त्याला ती शेतात आनंदाने बागडली होती की नाही याच्याशी काय घेणं?

शेवटी डॉक्टरांच्या मदतनीस ताईंनी युक्ती सांगितली. “तुम्ही प्रश्न उघडा सोडता. प्राण्याचं नाव घाला, ऍलर्जी हा शब्द घाला आणि हो की नाही एवढंच मागा.” मी लिहिलं: माझ्या कुत्र्याला कोंबडीची ऍलर्जी असल्याचा संशय आहे. या खाद्यात कोंबडीचा कोणताही अंश आहे का? हो किंवा नाही. दुसऱ्याच दिवशी, एकोणिसाव्या दिवशी, एका ओळीचं उत्तर आलं. “होय, स्वादासाठी कोंबडीच्या यकृताचा अर्क वापरला जातो.” मेंढीचं मोठं चित्र पुढे आणि कोंबडी मागच्या दाराने आत. कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर असा अर्क फवारणं अगदी नेहमीचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

निमूटपणे डॉक्टरांकडे जाऊन ते तुकडेवालं खाद्य आणलं. दोन आठवड्यांत शी, ती किती घट्ट ते मोजायच्या तक्त्यातल्या सहावरून दोनवर आली (एक म्हणजे दगड, सात म्हणजे पाणी, दोन सर्वात छान). मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

हो, एक राहिलंच. खाद्याची अशी परीक्षा चालू असताना बाकी काहीही चालत नाही. आमच्या सासूबाई “एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय” म्हणत द्यायच्या, ते बंद केलं. पण टूथपेस्ट माझ्याच लक्षात आली नव्हती. कुत्र्यांची टूथपेस्ट बऱ्याचदा कोंबडीच्या चवीची असते. जंतांच्या चघळायच्या गोळ्यांचंही तेच. आणि रक्त-लाळेच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, खाण्याच्या ऍलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत. खरी परीक्षा म्हणजे सगळं ठीक झाल्यावर संशयित पदार्थ मुद्दाम परत देऊन बघणं. जिवावर आलं होतं, पण उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे दिले. दुसऱ्या पहाटे, चार वाजता, नखं.

आता तो एकाच माशावरचं खाद्य खातो. घेण्याआधी तो हो-की-नाहीवाला ईमेल पाठवला होता. हेही नॅचरलच निघालं, आणि त्यात वेगळीच गंमत. चरबी खवट होऊ नये म्हणून कृत्रिम द्रव्यांऐवजी ई जीवनसत्त्व असतं, त्यामुळे उघडलेलं पाकीट लवकर खराब होतं. मी आधी प्लास्टिकच्या डब्यात जुन्यावर नवं ओतायचे. डब्याच्या कडांना चिकटलेली जुनी चरबी नव्या खाद्यालाही वास लावते. आता छोटं पाकीट आणते आणि पाकिटासकट डब्यात ठेवते.

मेंढीचं ते ऑर्गॅनिक पाकीट अर्धं उरलं होतं. शेजारच्या शेरूला दिलं. त्याला कोंबडी चालते. त्याला माझी डावी चप्पलही चालली होती.