हौदात हात घातला त्याची गोष्ट

अँटिग्वाला चाललोय म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "व्हिव्ह रिचर्ड्सचं?" नाही. ते बेट वेगळं. ही ग्वाटेमालातली अँटिग्वा. १७७३ च्या भूकंपात मोडून पडली आणि तीन वर्षांत राजधानीने इथून गाशा गुंडाळला, ते हे जुनं गाव. ह्यूस्टनहून विमानाने तीनेक तास. मी गेलो होतो स्पॅनिश शिकायला: रोज चार तास, एक मास्तर, एक विद्यार्थी, आणि मुक्काम एका कुटुंबाच्या घरी. मधल्या सुट्टीत अकातेनांगो ज्वालामुखी चढलो, रात्री समोरच्या फुएगो या जागत्या ज्वालामुखीने ठिणग्या उडवल्या, थंडीने माझे दात वाजले. ते फोटो सगळ्यांकडे असतात. मला सांगायचंय ते अंगणातल्या पिल्याबद्दल.

पिला म्हणजे सिमेंटचा, कमरेएवढ्या उंचीचा ओटा. मधोमध खोल हौद, त्यावर नळ. हौदाच्या दोन्ही बाजूंना उथळ, उतरत्या मोऱ्या. एकीत भांडी घासायची. दुसरीच्या तळाला पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पाडलेल्या, ती धुण्याची. मोऱ्यांना पाणी जायला भोक आहे, पण हौदातलं पाणी हात न लावता, गुआकालने घ्यायचं. गुआकाल म्हणजे प्लास्टिकचं पसरट भांडं, आपल्या तांब्याचं काम करणारं. गावाबाहेरच्या रस्त्यालगत हे तयार पिले विकायला ओळीने मांडलेले दिसतात, आपल्याकडे तुळशीवृंदावनं दिसतात तसे.

पहिल्या आठवड्यात मी कपडे कोपऱ्यावरच्या धुलाईवाल्याकडे किलोवर टाकले. एक मोजा कायमचा गेला आणि माझा टीशर्ट एका जर्मन पोराच्या अंगावर दिसला. शिवाय डोंगरावरून आणलेले कपडे राखेने भरलेले. म्हटलं, घरीच धुवू.

आधी सवयीप्रमाणे जीन्स आपटली. आम्हा लोकांचं धुणं म्हणजे आपटणं. वळ्यांवर ते जमत नाही. पाणी तोंडावर उडतं आणि बटण ठणकन वाजतं. स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. घरमालकीण बाई, साठीच्या, बाहेर आल्या आणि त्यांनी करून दाखवलं: कापड वळ्यांवर पसरायचं, साबणाची वडी फिरवायची, तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचं, मागे ओढायचं. मळ खाचांतून आपोआप खाली उतरतो. मला हे फार पटलं. पटलं ते मुख्य म्हणजे उभं राहून करायचं म्हणून. वाईला आजी आयुष्यभर उकिडवी बसून धुणं धुवायची आणि शेवटी तिच्या गुडघ्यांनी सूड घेतला. हा ओटा तिच्या परसात असता तर, असं मनात येत होतं. दहा मिनिटांत बोटांच्या पेरांची सालटी निघाली, ते वेगळं.

बाई आत गेल्या. मी शर्टाला भरपूर साबण लावला आणि खळबळून काढायला, बादलीत बुडवावा तसा, सरळ हौदात बुडवला.

"आय, नो, होवेन!" एवढंच. होवेन म्हणजे तरुण माणसा. माझं वय एकेचाळीस.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. म्हणूनच तर हौद असतो. पाणी येईल तेव्हा भरायचा, त्यावर घर चालवायचं. बाईंनी दोन बादल्या आणल्या आणि साबणाचा फेस झालेलं ते पाणी गुआकालने उपसायला लागल्या. ही बादली संडासाला, ती फरशीला, एक थेंब बाहेर नाही. मग ब्रशने रिकामा हौद घासला. संध्याकाळची भांडी विकतच्या पिण्याच्या पाण्याच्या जारमधून धुतली गेली. मी पैसे देऊ केले. त्यांनी हात असा हलवला की परत विचारायची हिंमत झाली नाही.

मला चीड आली ती याची, की हा नियम मला माहीत होता. वाईच्या हौदात साबणाचा हात घालणाऱ्याला आजीचा धपाटा बसायचा. तांब्या बुडव, हात नाही. सोवळं नव्हे, हिशेब होता तो. वीस वर्षं मशीनचं बटण दाबून मी तो सोयीस्कर विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून तांके ला उनियोनला गेलो. १८५३ साली बांधलेला सार्वजनिक धुण्याचा हौद: मध्ये पाणी, भोवती दगडी कमानी आणि त्यांच्या आत धुण्याच्या मोऱ्यांची रांग, समोर ताडांची झाडं. बाईंच्या पिल्याचा पणजोबाच. बाईंची आई डोक्यावर गाठोडं घेऊन इथेच यायची. त्या सकाळी दोनच बाया धूत होत्या आणि सहा पर्यटक त्यांचे फोटो काढत होते. सातवा होणार होतो, फोन खिशात ठेवला. काही उदात्त वगैरे नाही, एकीने माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसरं काही सुचलंच नाही.

पाणी आलं ते त्या रात्री अडीचच्या सुमाराला. आधी नळ खाकरला, मग धार. मी जागाच होतो. बाहेर येऊन बघतो तर बाई शाल गुंडाळून आधीच उभ्या. आम्ही काही बोललो नाही; माझ्या स्पॅनिशमध्ये त्या वेळी बोलण्यासारखं काही नव्हतं. हौद काठोकाठ भरला, त्यांनी नळ बंद केला, गुआकाल माझ्या हातात दिला आणि झोपायला गेल्या.

माझा शर्ट अजून वळ्यांवरच पडला होता, साबण वाळून पापुद्रा झालेला. गार पाणी ओतत, मोजत धुतला. अकरा गुआकाल लागले.